मनगटावरचा पट्टा आणि अंगातला ताण

मागील अंकात अंगावर वागवायच्या उपकरणांची ओळख करून देताना मी लिहिले होते की, मनगटी घड्याळ, अंगठी किंवा छातीचा पट्टा यांना ताण दिसत नाही. ताणाबरोबर शरीरात होणारे काही बदल तेवढे दिसतात. या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काही वाचकांना ते पटले नाही, काहींनी खुलासा मागितला, तर अशी उपकरणे घडवण्याच्या कामात असलेल्या वाचकांनी त्यापुढचे प्रश्न विचारले. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे गाळला आहे.

प्रश्न : माझे घड्याळ दिवसभर ० ते १०० या मापात ताणाचा आकडा दाखवते. खूप दिवसांनी आम्ही भावंडे एकत्र जमलो आणि हसून हसून पुरेवाट झाली, त्या संध्याकाळी तो आकडा ८० च्या पुढे होता. उलट वडिलांच्या आजाराची बातमी कळल्यानंतर दोन दिवस मी पार खचून गेलो होतो, तेव्हा तो तिशीच्या आत राहिला. माझे घड्याळ बिघडले आहे का?

उत्तर : आपले घड्याळ बहुधा ठीक आहे. त्याने जे मोजायचे ते मोजले. त्या मोजमापाला दिलेले नाव मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

घड्याळाच्या तळाशी हिरव्या प्रकाशाचे बारीक दिवे असतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या भरल्या की परत येणारा प्रकाश किंचित घटतो आणि त्या ओसरल्या की पुन्हा वाढतो. या चढउतारावरून घड्याळ दोन ठोक्यांमधील अंतर काढते. नाडी मिनिटाला ६० असली, तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो असे नाही. एक अंतर ९६० मिलिसेकंद, पुढचे १०३०, त्यापुढचे ९८५, असे ते सतत कमीजास्त होत असते. श्वास आत घेताना नाडी थोडी वाढते आणि सोडताना थोडी उतरते. हा बदल मुख्यतः व्हेगस या चेतातंतूमार्फत घडतो. शरीर निवांत असते तेव्हा ही कमीजास्ती मोठी असते. शरीर कसल्याही तयारीत आले की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला कृतीसाठी सज्ज करणारी चेतासंस्था, जोर धरते, नाडी धीमी ठेवणारा व्हेगसचा लगाम सैल पडतो, नाडी वाढते आणि ठोके अधिक एकसारख्या अंतराने पडू लागतात. आपल्या घड्याळातील आकडा मुख्यतः या दोन गोष्टींवरून काढलेला असतो.

ही तयारी कशासाठी चालली आहे, हे मनगटावरून कळण्याचा मार्ग नाही. संकट समोर आले की प्राणी लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीत येतो, असे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडले. पण तीच यंत्रणा जिना चढताना, पोटभर हसताना आणि आवडत्या माणसाची वाट पाहतानाही कामाला लागते. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली : एक अक्ष शरीर किती उत्तेजित आहे याचा, दुसरा अनुभव सुखाचा की दुःखाचा याचा. घड्याळाला पहिल्या अक्षाचा ढोबळ अंदाज येतो, दुसरा अक्ष त्याला मुळीच दिसत नाही. भावंडांबरोबरच्या संध्याकाळी आपले शरीर उत्तेजित होते आणि अनुभव सुखाचा होता. वडिलांच्या आजारपणात अनुभव दुःखाचा होता, पण शरीर गळून गेले होते. आणि गळून गेलेले शरीर घड्याळाला निवांत वाटते.

हा केवळ आपल्यापुरता अपवाद आहे, असेही नाही. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ८०० तरुणांना तीन महिने मनगटी घड्याळे घालायला दिली आणि दिवसातून अनेकदा त्यांना ताणाबद्दल विचारले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घड्याळाने दाखवलेला ताण आणि माणसांनी स्वतः सांगितलेला ताण यांचा बहुतेकांच्या बाबतीत जवळपास काहीच मेळ बसला नाही. झोपेच्या बाबतीत मात्र तो पुष्कळ बरा होता.

म्हणून आपण त्या आकड्याला ताण म्हणू नये, शरीराची धावपळ म्हणावे, आणि त्याची तुलना इतर कोणाशीही न करता स्वतःच्याच गेल्या काही आठवड्यांशी करावी. ताप, कॉफी, रात्रीचे मद्यपान, अपुरी झोप, मासिक पाळीपूर्वीचे दिवस, या सगळ्यांनी तो हलतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे नाडीची गती कमी ठेवतात. ती घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर या आकड्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

प्रश्न : मी औद्योगिक रचनेच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला आहे. ताण ओळखून घालणाऱ्याला सूचना देणारा मनगटी पट्टा हा माझा प्रकल्प आहे. वेसाड या खुल्या माहितीसंचावर माझ्या संगणकीय प्रारूपाची अचूकता ९० टक्क्यांच्या पुढे गेली आहे, तरी मार्गदर्शकांचे समाधान होत नाही. आणखी कोणता सेन्सर जोडला म्हणजे पट्टा विश्वासार्ह होईल?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे असमाधान रास्त आहे आणि ते सेन्सरमुळे नसावे. तुम्ही ज्याच्यावर अचूकता मोजली तो माहितीसंच आधी नीट पाहू.

वेसाड २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ व्यक्तींच्या छातीवरील आणि मनगटावरील उपकरणांच्या नोंदी आहेत आणि त्या सर्व प्रयोगशाळेत घेतलेल्या आहेत. ताण निर्माण करण्यासाठी ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली चाचणी वापरली आहे. या चाचणीत माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर काही मिनिटे बोलायला लावतात आणि मग तोंडी वजाबाकी करायला सांगतात. मूळ पद्धतीत १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हा ताण खराच असतो. पण तो केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला, हे संशोधकाला घड्याळ लावून माहीत असते, आणि त्या वेळी माणूस धावत नसतो, जिना चढत नसतो, भांडी घासत नसतो. रोजच्या आयुष्यात यांपैकी काहीच हाती नसते.

दुसरे असे की, अचूकता कशी तपासली तेही पाहा. एकाच व्यक्तीच्या नोंदीचे काही तुकडे शिकवणीत आणि काही परीक्षेत गेले, तर प्रारूप ताण ओळखायला न शिकता ती व्यक्ती ओळखायला शिकते आणि अचूकता फुगते. चौदा जणांवर शिकवून पंधराव्यावर तपासा, आणि असे प्रत्येकाला पंधरावा करून पाहा. आकडा खाली येईल, पण तोच तुमचा खरा आकडा असेल.

समजा, तरीही तो ९० टक्के राहिला. आता तो पट्टा एका माणसाने दिवसभर घातला आहे अशी कल्पना करा. जागेपणाचे १६ तास म्हणजे दहा-दहा मिनिटांचे ९६ तुकडे. त्यांतील सहा तुकडे, म्हणजे एकूण तासभर, खरोखर ताणाचे होते असे धरू. पट्टा खऱ्या ताणाचे ९० टक्के तुकडे पकडतो, म्हणजे पाच. उरलेल्या ९० तुकड्यांपैकी १० टक्क्यांना तो चुकून ताण म्हणतो, म्हणजे नऊ. दिवसभरात एकूण १४ वेळा मनगट थरथरले आणि त्यांतल्या नऊ वेळा विनाकारण. असा पट्टा तिसऱ्या दिवशी कपाटात जातो. कागदावरची ९० टक्के अचूकता माणसाच्या मनगटावर अशी उतरते, हे गणित तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर असावे असे मला वाटते.

आता सेन्सरविषयी. नाडीच्या जोडीला त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजणे उपयोगी आहे, कारण ही वाहकता घामाने वाढते, आणि घामाच्या एक्राइन ग्रंथींना केवळ अनुकंपी चेतासंस्थेचाच पुरवठा असतो आणि व्हेगसची सरमिसळ तेथे होत नाही. मनातील हालचालींनी त्वचेचे विद्युत्‌गुण बदलतात, ही गोष्ट फ्रेंच डॉक्टर शार्ल फेरे यांनी १८८८ मध्येच नोंदवली होती. एखादी गोष्ट दचकवून गेली की एक ते तीन सेकंदांत वाहकता चढते आणि मग सावकाश उतरते. हा आलेख पडद्यावर उमटताना पाहणे फार बोलके असते. अडचण जागेची आहे. या ग्रंथी तळहातावर आणि तळपायावर दाट असतात, मनगटावर त्यामानाने विरळ. शिवाय मनगटावर घाम उष्म्यानेही येतो. कोरडे इलेक्ट्रोड घातल्यावर त्यांच्याखाली थोडा ओलावा जमेपर्यंत नोंदीला अर्थ नसतो. बोटावरची अंगठी नाडीसाठी मनगटापेक्षा चांगली जागा आहे. छातीचा पट्टा त्याहून उत्तम आहे, पण तो दिवसभर कोणी घालत नाही. घालणाऱ्याला सोसवत नसेल, तर उत्तम जागेचा उपयोग काय? प्रकल्पात या देवघेवीची चर्चा मोकळेपणाने करा.

नमुने घेण्याची गती, म्हणजे सेन्सर सेकंदाला किती वेळा मोजतो, तीही पाहा. सेकंदाला २५ नमुने घेतले, तर दोन नमुन्यांमध्ये ४० मिलिसेकंदांचे अंतर पडते. आणि तुम्हाला तर ठोक्यांच्या अंतरातील तेवढ्याच किंवा त्याहून लहान फरकांवर निष्कर्ष काढायचा आहे. गती वाढवली की बॅटरी लवकर संपते. गडद त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य हिरवा प्रकाश अधिक शोषते, गोंदणाखाली तर संकेत नाहीसाही होतो, आणि पट्टा सैल बांधला की सगळ्यांचाच बिघडतो. म्हणून चाचणीसाठी निवडलेल्या माणसांत वेगवेगळ्या वर्णांची, वयांची आणि मनगटांची माणसे असतील याची काळजी घ्या. वर्गातील दहा मित्रांवर केलेली चाचणी वर्गातील दहा मित्रांपुरतीच खरी असते.

माझ्या दृष्टीने या सर्वांत मोलाचा सेन्सर हालचाल मोजणारा आहे, आणि तो तुमच्या पट्ट्यात आधीच असेल. त्याचा उपयोग ताण ओळखण्यासाठी करू नका. पट्ट्याने गप्प केव्हा राहावे हे ठरवण्यासाठी करा. हात हलत असेल, माणूस चालत असेल, किंवा नुकताच थांबला असेल, तर पट्ट्याने ‘सांगता येत नाही’ असे मानून त्या मिनिटांची नोंद रिकामी सोडावी. आणि दिवसातून दोन-तीन वेळा, पट्ट्याने घालणाऱ्यालाच एका वाक्यात विचारावे की, आत्ता कसे वाटते आहे. या उत्तरांतून हळूहळू त्या माणसाची स्वतःची मोजपट्टी तयार होते. ती तयार होईपर्यंत पट्ट्याने कोणताही निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : ताणाचे खरे रसायन कॉर्टिसॉल आहे, असे वाचले. मग घड्याळे थेट कॉर्टिसॉलच का मोजत नाहीत?

उत्तर : घामातील कॉर्टिसॉल मोजणारे पट्टे संशोधनाच्या पातळीवर आहेत, पण ते मिळाले तरी आपली अपेक्षा पूर्ण होईल असे नाही. कॉर्टिसॉल सावकाश चालते. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर लाळेतील त्याची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठते, तेव्हा क्षणाक्षणाची सूचना देण्यास ते निरुपयोगी आहे. शिवाय त्याला दिवसाची स्वतःची लय आहे : सकाळी जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ते एरवीही वाढते आणि रात्री सर्वांत कमी असते. म्हणजे येथेही आकड्याला अर्थ यायला वेळ, झोप आणि प्रसंग ठाऊक असावे लागतात.

प्रश्न : मला पूर्वी धडधडीचे आणि भीतीचे झटके येत असत. बऱ्याच काळाने ते आटोक्यात आले होते. गेल्या वाढदिवसाला मला ताण दाखवणारे घड्याळ भेट मिळाले आणि तेव्हापासून मी दिवसातून कितीतरी वेळा नाडी पाहते. आकडा वाढलेला दिसला की छाती आणखी धडधडते. घड्याळ काढून ठेवावे का? ज्यांनी प्रेमाने दिले त्यांना काय सांगू?

उत्तर : होय, निदान सध्या तरी काढून ठेवावे. त्यात आपली कोणतीही कमतरता नाही.

भीतीचे झटके कसे वाढत जातात, याची एक मांडणी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये केली. शरीरातील एखादी साधी संवेदना, उदाहरणार्थ वाढलेली नाडी, ही मोठ्या संकटाची खूण आहे असा अर्थ मनात लागतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने नाडी आणखी वाढते आणि वाढलेली नाडी त्या अर्थाला पुरावा पुरवते. उपचारात हे चक्र तोडायला शिकवतात, आणि त्याचा एक भाग म्हणजे वारंवार नाडी तपासण्याची सवय कमी करणे. आपले घड्याळ नेमके तेच तपासणे सोपे करून देते, म्हणून ते आपल्याला मानवले नाही. झोपेच्या बाबतीतही असे घडते. झोप मोजणाऱ्या उपकरणाचे आकडे परिपूर्ण करण्याच्या चिंतेनेच झोप उडालेल्या रुग्णांचे वर्णन २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले आहे.

घड्याळ ठेवायचेच असेल, तर नाडीचा आणि ताणाचा आकडा मुख्य पडद्यावरून काढावा, त्यांच्या सूचना बंद कराव्यात आणि ते वेळ पाहण्यापुरते वापरावे. ज्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे आपण पूर्वी उपचार घेतले, त्यांना हा बदल अवश्य सांगावा. धडधडीबरोबर छातीत दुखणे, चक्कर किंवा दम लागणे असेल, तर मात्र ते केवळ मनाचे खेळ न मानता लगेच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. भेट देणाऱ्यांना जे मला लिहिले तेच सांगावे. ज्यांनी आपल्या काळजीपोटी घड्याळ दिले, त्यांना ते समजेल.

उपकरणे घडवणाऱ्या वाचकांनीही हे पत्र लक्षपूर्वक वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. शरीराकडे लक्ष नसलेल्या माणसाला लक्ष द्यायला लावणे ही मदत आहे. ज्याचे लक्ष आधीच तेथे खिळले आहे त्याला आणखी खिळवणे हा अपाय आहे. दोघांसाठी एकच मूळ मांडणी ठेवून चालत नाही. पहिल्यांदा पट्टा घालतानाच आकडे दिसावेत की नाहीत हे विचारणे, आकडे लपवण्याची सोय तळाच्या यादीत न दडवता समोर ठेवणे, लाल रंग आणि धोक्याची चिन्हे टाळणे, आणि क्षणाचा आकडा दाखवण्याऐवजी दिवसाच्या शेवटी एकदाच आढावा देणे, एवढे तरी सहज करता येते.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून असे एक उपकरण विकसित करत आहोत. ताण ओळखण्याचा भाग बराच पुढे गेला आहे. पण ओळखल्यानंतर घालणाऱ्याला ते कळवावे कसे, यावर आमचे एकमत होत नाही. एकाला पडदा हवा, एकाला कंपन, एकाला रंग. आपले मत काय?

उत्तर : आपल्या वादात एक प्रश्न राहून गेला आहे : कळल्यावर त्या माणसाने करायचे काय? त्याचे उत्तर ठरले की पडदा, कंपन आणि रंग यांतील निवड बरीचशी आपोआप होते.

‘आपला ताण वाढला आहे’ असे वाक्य पडद्यावर उमटवणारी रचना मला सर्वांत कमी पसंत आहे. ती बैठकीत, वाद चालू असताना किंवा वाहन चालवताना येते, वाचण्यासाठी मान खाली घालावी लागते, आणि जे अंगाला आधीच जाणवत होते तेच शब्दांत सांगून वर माणसाला दोषी वाटायला लावते. त्यात अंदाज चुकलेला असला तर राग येतो, बरोबर असला तर लाज वाटते.

कंपनाला एक मोठा फायदा आहे की, ते निदान न सुनावता कृती सुचवू शकते. मिनिटाला साधारण सहा श्वास या संथ गतीने श्वसन केले की श्वासाची लय आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची सुमारे दहा सेकंदांची लय एकमेकींशी जुळतात आणि नाडीतील चढउतार ठळकपणे वाढतात. तेव्हा असे करून पाहता येईल : मनगटाच्या आतल्या बाजूला कंपन अगदी हलके सुरू होऊन चार सेकंद वाढत जाईल आणि मग सहा सेकंद ओसरत जाईल. वाढताना श्वास आत, ओसरताना बाहेर. आवाज नको, पडदा नको. समोरच्या माणसाला काही कळणार नाही. मोटार किती जोराने थरथरते, हे मात्र टेबलावर ठेवून ठरवू नका, मनगटावर बांधूनच ठरवा. टेबलावर सौम्य वाटणारे कंपन हाताला कर्कश लागू शकते, आणि एकाएकी सुरू होणारे कंपन स्वतःच दचकवते. सहाची गतीही सगळ्यांवर लादू नये. ज्याला ती दमवते, त्याला ती आपल्या सोयीने बदलता आली पाहिजे.

रंगाच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचेही ऐकावे. उष्णतेने रंग बदलणारी शाई कापडात किंवा पट्ट्यात वापरून शरीरातील बदल दाखवण्याचे प्रयोग संशोधकांनी केले आहेत. ती शाई सावकाश बदलते, तिचा अर्थ ठरलेला नसतो, आणि त्यामुळे घालणारा स्वतःच विचार करतो की हे कशामुळे झाले असेल. स्वीडनमध्ये संशोधक क्रिस्टिना हूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हीच भूमिका मांडली आहे की, यंत्राने भावनेला नाव देऊ नये. शरीराच्या खुणा माणसापुढे ठेवाव्यात आणि अर्थ त्याला लावू द्यावा. मला ही भूमिका मनापासून पटते. सोमवारी सकाळचा आलेख दर आठवड्याला चढलेला दिसला, तर त्यामागे बैठक आहे, प्रवास आहे की रविवारचे जागरण, हे सांगू शकणारे एकच माणूस आहे आणि पट्टा त्याच्याच हातावर आहे. म्हणून आपल्या उपकरणात तत्काळ सूचना थोड्या ठेवा आणि मागे वळून पाहण्याची सोय चांगली करा. आलेखावर बोट ठेवून दोन शब्द लिहिता आले पाहिजेत.

एका मोहापासून सावध करतो. हृदयाच्या ठोक्यांची खोटी माहिती दिली तर माणसाचा अनुभव बदलतो, हे मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी १९६६ मध्ये दाखवले. त्याच धर्तीवर, मनगटावर मिनिटाला ६० ठोक्यांचे संथ कंपन देऊन आणि ही तुमचीच नाडी आहे असे सांगून लोकांची चिंता कमी करता येते, असे २०१६ च्या एका प्रयोगात दिसले. प्रयोग म्हणून तो महत्त्वाचा आहे. विक्रीच्या उपकरणात मात्र घालणाऱ्याशी खोटे बोलू नये. ज्या दिवशी त्याला ते कळेल, त्या दिवशी त्याचा खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जाईल. संथ कंपन उघडपणे संथ कंपन म्हणून द्या.

प्रश्न : मी एका मोठ्या आस्थापनेत मनुष्यबळ विभाग पाहतो. कर्मचाऱ्यांचा ताण वाढल्याच्या तक्रारी आहेत. सर्वांना पट्टे देऊन विभागवार ताण पाहावा, असा प्रस्ताव वरिष्ठांसमोर आहे. नोंदी निनावी ठेवू. यात काही गैर आहे का?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. तरी हा प्रस्ताव मागे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच जणांच्या विभागात निनावी नोंद निनावी राहत नाही; कोण रजेवर होते आणि कोणाचा आलेख तुटला, हे जुळवायला कोणालाही वेळ लागत नाही. नाडी आणि घाम यांवरून माणसाची तब्येत, झोप, व्यसने आणि गर्भारपणही उघडे पडू शकते. वरिष्ठांनी दिलेला पट्टा नाकारण्याचे स्वातंत्र्य कागदावर असले, तरी प्रत्यक्षात ते किती जण वापरतील? युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसांच्या भावनांचा अंदाज बांधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांवर बंदी घातली असून ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरताच तिला अपवाद आहे. इतर देशांतील कायदा काहीही असो, त्यामागचा विचार सर्वत्र लागू पडतो.

आणि मुळात, आपल्याला जे हवे आहे त्यासाठी पट्ट्यांची गरजच नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, कामाची मागणी मोठी आणि त्या कामावर स्वतःचा ताबा थोडा, असा मेळ जेथे पडतो तेथे ताण सर्वाधिक होतो. कामाचे तास, रिकाम्या जागा, एकामागून एक लागणाऱ्या पाळ्या, ऐन वेळी बदलणाऱ्या मुदती, हे सारे आपल्या कार्यालयाच्या नोंदीत आजही आहे. ते पाहावे, आणि कर्मचाऱ्यांना सुरक्षितपणे बोलता येईल अशी सोय करावी. पट्टे दिले की मनगट थरथरल्यावर संथ श्वास घेण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर येते आणि कामाचा बोजा तेथेच राहतो. एखाद्या कर्मचाऱ्याला स्वतःसाठी पट्टा हवा असेल, तर त्याची किंमत आस्थापनेने खुशाल द्यावी. नोंदी मात्र त्याच्याच फोनमध्ये राहाव्यात आणि त्या कोणालाही मागता येऊ नयेत.

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे आणि तो बोलत नाही. तो कधीकधी एकदम अस्वस्थ होतो, स्वतःला मारून घेतो, आणि आधी काय बिनसले ते आम्हाला कळत नाही. मनगटावरच्या पट्ट्याने पूर्वसूचना मिळू शकेल का?

उत्तर : काही अंशी मिळू शकेल, आणि ज्यांना शब्दांनी सांगता येत नाही त्यांच्यासाठी हे तंत्रज्ञान मला सर्वाधिक आशादायक वाटते. एरवी मी म्हणतो की अर्थ घालणाऱ्याने लावावा. येथे तो आपण आणि त्याने मिळून लावायचा आहे. बाहेरून शांत दिसणाऱ्या मुलाच्या आत किती खळबळ चालली आहे, याचा माग त्वचेच्या वाहकतेवरून कधीकधी लागतो.

याविषयी एक खरी घटना सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रोझलिंड पिकार्ड यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याने आपल्या न बोलणाऱ्या, स्वमग्न धाकट्या भावासाठी सुट्टीत दोन पट्टे नेले आणि दोन्ही मनगटांवर बांधले. नोंदी तपासताना पिकार्ड यांना दिसले की, एका मनगटावर वाहकता प्रचंड चढली होती आणि दुसऱ्यावर जवळपास काहीच नव्हते. ताणाने असे एकांगी होत नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा त्या सुमारास मुलाला अपस्माराचा झटका आल्याचे कळले. पुढे याच धाग्यावरून संशोधन होऊन झटके ओळखणाऱ्या एका मनगटी उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची २०१८ मध्ये मान्यता मिळाली. हे सांगण्याचे कारण असे की, स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते, आणि तुमच्या मुलाच्या अस्वस्थतेमागे झटके, दातदुखी, पोटदुखी किंवा कानदुखी नाही ना, हे पट्टा घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाहून घेणे अगत्याचे आहे.

पट्टा घेतलाच, तर पहिले काही आठवडे त्याच्यावरून काहीही ठरवू नका. अस्वस्थतेचा प्रसंग घडला की वेळ, जागा, आवाज, उजेड, भोवतालची माणसे आणि त्याआधीच्या अर्ध्या तासातील घडामोडी वहीत लिहा आणि आठवड्यातून एकदा ती वही आलेखाशेजारी ठेवून पाहा. आलेख चढला पण मूल आनंदात उड्या मारत होते, अशा वेळाही तितक्याच काळजीने लिहा, नाहीतर त्याच्या प्रत्येक आनंदाला तुम्ही धोक्याची सूचना समजू लागाल. हळूहळू एखादी ठरावीक जागा किंवा आवाज वारंवार पुढे येईल, आणि मग तो टाळणे किंवा त्याआधीच मुलाला बाजूला नेणे तुमच्या हाती राहील. पट्ट्याचा स्पर्शच त्याला खुपत असेल, तर तीच अस्वस्थता आलेखात उमटेल. म्हणून मऊ कापडाचा पट्टा निवडा, आधी यंत्राशिवाय नुसता पट्टा थोडा थोडा वेळ घालून पाहा, आणि तो काढून टाकण्याची त्याची एखादी खूण ठरवा. त्याने ती खूण केली की त्या दिवसाची नोंद अपुरी राहिली तरी पट्टा लगेच काढा.